बारीक काट्याचं यंत्र

"उस्ताद, या दोन्हींतलं कुठलं घेऊ?"

शर्वरीनं दोन्ही यंत्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडली होती.

उस्ताद भोईट्यांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग यंत्रांकडे.

"जेवून आलीस का?"

"आले. कुठलं ते सांगा ना."

"घाई आहे?"

"रविवारी निवड चाचणी आहे, उस्ताद. दुकानदारानं दोन्ही नुसती बघायला दिलीत. एक संध्याकाळी परत करायचंय."

"हं..."

टेकडीखालच्या रायफल क्लबाचा हा व्हरांडा. उस्ताद फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, तेच नाव गावानंही धरलं. आता पोरांना नेम शिकवायला नवा कोच आला होता. उस्तादांकडे एकच काम उरलं होतं, क्लबाच्या परवान्यावरची काडतुसं हातानं भरायचं. बाकीची पोरं तयार काडतुसं विकत घ्यायची. उस्तादांच्या हातची आता एकटी शर्वरी वापरायची.

काडतूस म्हणजे खाली पितळी नळकांडं आणि वर बसवलेली गोळी. ती बरोबर मधोमध, सरळ बसावी लागते. केसभर कलली तरी लांबच्या निशाणावर दगा देते. ही यंत्रं तेवढंच दाखवतात. काडतूस आडवं ठेवायचं, बोटानं हळूच फिरवायचं. काटा हलला, की गोळी कललेली.

उस्तादांच्या आळीत कुणाकडचा कढीपत्ता संपला तरी चार घरांना कळतं. पण उस्ताद हल्ली चहा अर्धाच कप का घेतात, ते कुणी विचारत नव्हतं. "डॉक्टरांनी कमी करायला सांगितलाय," असं त्यांच्या पत्नी, काकी, म्हणायच्या. काकींनी त्यांच्या सगळ्या सदऱ्यांची काजं शिवून टाकून टिच बटणं का लावली, तेही कुणी विचारत नव्हतं.

सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं.

"यांच्यात फरक काय?" उस्तादांनी विचारलं.

शर्वरी खुलली. असल्या गोष्टी समजावून सांगायची तिला भारी हौस. नेमात तिच्या तोडीचं क्लबात कुणी नव्हतं, आणि हे तिला इतरांपेक्षा जरा जास्तच ठाऊक होतं.

"हे साधं. थोडंफार कललेलं याला कळतच नाही. आणि हे बारीक काट्याचं. याच्यापासून काही लपत नाही."

"मग तुला कुठलं हवंय?"

"बारीक. म्हणजे... तेच चांगलं ना?"

"काय तपासणार त्याच्यावर?"

"काडतुसं."

"कुणाची?"

शर्वरीनं उगाचच यंत्राचा स्क्रू घट्ट केला. तो आधीच घट्ट होता.

"सगळीच," ती म्हणाली.

"सगळी म्हणजे माझीच की गं."

शर्वरीनं दुसरा स्क्रू पिळला.

"पोरांच्या खोक्यातलं एखादं विकतचं काडतूस ठेव बघू."

तिनं ठेवलं. फिरवलं. बारीक काटा जागचा हलला नाही.

"छान. आता माझं."

सकाळीच भरलेल्या काडतुसांचा ट्रे उस्तादांच्या पुढ्यात होता. त्यांनी त्यातलं एक उचललं. यंत्रावर ठेवताना पितळ पोलादावर टक् टक् टक् वाजलं, दारावर कुणी हलक्या हातानं थाप मारत असावं तसं. दुसऱ्या हातानं मनगट धरून त्यांनी काडतूस फिरवलं.

काटा नाचायला लागला.

उस्तादांनी बोट काढून घेतलं. "आता तू फिरव."

शर्वरीनं फिरवलं. काटा कमी हलला, पण हलला.

"काय म्हणतंय यंत्र?"

शर्वरीनं यंत्राला टिचकी मारली. पलीकडे मैदानात कोच कुणावर तरी ओरडत होता.

"बिघडलंय वाटतं, उस्ताद. प्रवासात धक्का बसला असेल."

"आत्ता तर चांगलं होतं."

"असतात एकेक यंत्रं तशी. हे परत करते. साधंच बरं."

उस्ताद हसले. "थापा मारायला कुणी शिकवलं? मी नाही शिकवलं."

"थाप नाही, उस्ताद."

"मागच्या सामन्यात तुझी एक गोळी आठात गेली. आठवतंय?"

ती गोळी शर्वरी विसरणार होती थोडीच! त्या एका गोळीनं तिचं पदक गेलं होतं.

क्लबात उस्तादांचा एक नियम होता. गोळी सुटली की दुर्बिणीला डोळा लावायच्या आधी तोंडानं सांगायचं, कुठं लागली. निशाणाच्या कागदावर मधोमध दहा गुण, बाहेर सरकेल तसे कमी. मग बघायचं. नेम धरणाऱ्याचा हात हलला असला तर त्याला ते आधीच कळलेलं असतं.

"त्या दिवशी तू काय सांगितलंस?"

"दहा."

"आणि कागदावर?"

"आठ. माझाच हात हलला असेल. मी तेव्हाच म्हटलं होतं की सगळ्यांसमोर."

"म्हटलं होतंस खरं." उस्तादांनी काडतूस जपून ट्रेमध्ये परत ठेवलं. पुन्हा तीच टक् टक्. "कधी स्वतःची चूक कबूल न करणारी पोर. नको म्हटलं तरी कोचशी वाद घालणारी. ती चार माणसांत म्हणते, माझा हात हलला..."

"उस्ताद..."

"तुझं सांगणं कधी चुकलं नाही, शर्वरी. तू दहा म्हणालीस आणि कागदावर आठ निघाले. मला तिथंच कळलं हात कुणाचा हलला ते."

तिचे डोळे भरून आले. पुसायला हात वर नेला तर उस्तादांना दिसलं असतं, म्हणून तिनं ते तसेच राहू दिले.

"तेव्हापासून ठाऊक होतं तुम्हाला?"

"हो."

"मग भरत का राहिलात?"

"तू सांगशील म्हणून."

"मी कसं सांगू? ते काम गेलं तर तुम्ही इथं येणार नाही. दिवसभर घरात बसाल. काकी म्हणाल्या होत्या..."

ती मधेच थांबली.

"काय म्हणाल्या काकी?"

"सकाळी क्लबाला निघायच्या वेळीच काय ती तुम्ही शीळ घालता, असं म्हणाल्या."

उस्तादांनी साधं यंत्र तिच्याकडे सरकवलं.

"हे परत कर."

"आणि बारीक?"

"ते राहू दे. उद्या सकाळी लवकर ये. काडतुसं तू भरायचीस."

"आणि तुम्ही?"

"मी काटा बघीन. डोळे चांगले आहेत माझे. कललेलं एकही पुढं जाऊ देणार नाही, तुझं असलं तरी. रडलीस तरी."

"मी कशाला रडू?"

"आत्ता काय करतेयस मग?"

शर्वरी हसली, आणि मग नीटच रडली. नाक ओढत ती उठली. काकींनी पाठवलेला चहाचा थर्मास खिडकीत होता. तो आणून तिनं कप मांडले. स्वतःचा भरला. उस्तादांचा नेहमीसारखा अर्धा ओतला आणि थर्मासचं झाकण लावायला घेतलं.

उस्तादांनी कपात डोकावून पाहिलं. थरथरत्या हातानं तो कप पुन्हा तिच्यापुढे सरकवला.

"भरून ओत, पोरी. सांडला तर सांडला."