एकाच पेटीतल्या तीन बाटल्या

द्राक्षमळ्यांच्या एका गावी एकदा एक वृद्ध पारखी राहत असत. पेल्यातली वाईन नुसती हुंगून ते तिचा मुलूख आणि वय सांगत. सारे त्यांना आबा म्हणत. त्यांच्याजवळ एक तरुण शिष्य ती विद्या शिकत होता. त्या दिवशी मात्र शिष्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. आबांचे मित्र असलेले एक मोठे व्यापारी दुपारी जेवायला येणार होते आणि त्यांना आपल्या कोठारासाठी पारखी हवा होता. शिष्याने सकाळपासून पेले पुसले, पुसलेले पुन्हा पुसले.

जेवणाचा बेत साधाच होता. मांडवाखाली चटया, तुपावर परतलेली अळंबी, बेताच्या तिखटाची कोंबडी आणि भात. व्यापाऱ्यांबरोबर गुरांचे एक निवृत्त डॉक्टरही आले होते. व्यापाऱ्यांनी फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातल्या, तीस वर्षे मुरलेल्या तांबड्या वाईनच्या तीन बाटल्या आणल्या होत्या. नाव वाचून कुणी मत बनवू नये म्हणून तिन्ही बाटल्या रिवाजाप्रमाणे कागदात गुंडाळलेल्या होत्या.

शिष्याने तिन्ही बाटल्यांतली वाईन वेगवेगळ्या पेल्यांत ओतून एकेक घोट घेतला. पहिलीला सुकलेल्या गुलाबपाकळ्यांचा वास आहे, दुसरीत अजून जांभळाचा तुरटपणा आहे, तिसरी थकून आंबूस झाली आहे, असे त्याने सांगितले. मग मोठ्या उत्साहाने म्हणाला, की तिन्ही वेगवेगळ्या मळ्यांतल्या आहेत.

व्यापाऱ्यांनी कागद सोडले. तिन्हींवर नाव एकच, साल एकच. एकाच पेटीतून काढल्या होत्या.

“एका गाईची तीन वासरं, आणि तू तीन गोठे सांगितलेस की रे,” डॉक्टर हसत म्हणाले.

शिष्य ओशाळला. घाईघाईने त्याने तिन्ही पेल्यांना पुन्हा ओठ लावले. “चुकलंच माझं,” तो म्हणाला. “आता कळतंय, तिन्ही अगदी सारख्या आहेत.”

व्यापाऱ्यांनी समाधानाने मान हलवली. तेवढ्यात आबांनी शिष्यापुढचे तिन्ही पेले उचलून स्वतःकडे घेतले आणि त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मग ते शांतपणे भात कालवू लागले. गप्पा पुढे गेल्या. डॉक्टरांच्या गुडघेदुखीचा विषय निघाला, व्यापाऱ्यांच्या मुलीच्या लग्नाचा निघाला. पेटीतली उरलेली वाईन लग्नातल्या पाहुण्यांसाठीच होती.  शेवटी शिष्याला राहवले नाही.

“आबा, चूक तर मी कबूल केली. मग पेले का काढून घेतलेत?”

“कबूल करताना चुकलास म्हणून,” आबा म्हणाले. “तीन मळे म्हणालास, तो अंदाज फसला. तसा माझाही फसतो. पण एका पेटीतल्या बाटल्या तीस वर्षांनी सारख्या राहत नाहीत, बाळ. एखादीचं बूच सैल निघतं, एखादी बिघडायच्या वाटेला लागते. तुझ्या जिभेला तो फरक कळला होता. कागद निघाला आणि तू तिला गप्प बसवलंस. बाटलीवरचं नाव शेटजींना स्वतःला वाचता येतं. त्यासाठी त्यांना पारखी नकोय.”

 आबांनी पेले परत दिले. शिष्याने सावकाश चव घेतली. व्यापारी रोखून पाहत होते. काय बोलले तर ते खूश होतील, हे आता त्याला पक्के ठाऊक होते.

“शेटजी, मळा एकच आहे,” तो म्हणाला. “पण ही तिसरी उतरलेलीच आहे. बाकीच्या बाटल्याही एकेक चाखल्याशिवाय पाहुण्यांना वाढू नका.”

व्यापाऱ्यांचा चेहरा पडला. त्यांनी तिसरा पेला स्वतः उचलला, घोट घेतला आणि बराच वेळ तो तोंडात घोळवला.

“लग्नाच्या आधीच येऊन राहा,” अखेर ते म्हणाले. “पेटी तूच उघड. आणि मी शेजारी उभा राहून काही म्हणालो, तर माझं ऐकू नकोस.”

शिष्याने होकार दिला. त्याच्या मनातली सकाळपासूनची धावपळ थांबली होती. जिभेवर ती आंबूस, थकलेली चव अजून रेंगाळत होती आणि तो तिला रेंगाळू देत होता.