चार वाजताची नाडी

"मग करू ना सही, सर?"

उपळेकर सर शेंगा फोडत होते.

रविवारची सकाळ होती. सरांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, आणि गावाबाहेरच्या घराच्या ओसरीत ते पुढ्यात शेंगांनी भरलेलं सूप घेऊन बसले होते. समोरच्या खुर्चीत डॉ. गिरीधर वाकोडे. एकेकाळचे सरांचे विद्यार्थी, आता त्याच सरकारी रुग्णालयात मेडिसिनच्या युनिटचे प्रमुख. जिल्ह्यात नाव मोठं. वाकोडेंना ते माहीतही होतं, जरा जास्तच.

त्यांच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल होती. फाइलमध्ये एकच कागद. 'डॉ. कांचन मुसळे, निवासी डॉक्टर, पहिलं वर्ष. पुढील प्रशिक्षणास अपात्र.' खाली सहीची जागा रिकामी. सोमवारी तो कागद डीनसाहेबांच्या टेबलावर गेला, की मुलगी घरी जाणार होती.

"सही का राहिली?" सरांनी विचारलं.

"तुम्हाला विचारल्याशिवाय नको वाटलं."

"म्हणजे खात्री नाही."

"खात्री आहे, सर. फक्त..."

सरांनी दाणे तोंडात टाकले.

"केस सांग."

"कोणाची?"

"हिचीच. वॉर्डात पेशंटची सांगतोस तशी."

वाकोडे खुर्चीत सरसावून बसले. केस सांगावी ती वाकोडेंनी, असं कॉलेजात अजून म्हणतात. म्हणणाऱ्यांत वाकोडे स्वतःही आहेत.

"स्त्री, वय सव्वीस. राहणारी सेनगावकडची. आमच्याकडे येऊन सात महिने. तक्रारी अशा, की राउंडला उशीर. सांगितलेले रिपोर्ट आणायला विसरणं. दिवसातून दोन-तीनदा चादरींच्या खोलीत जाऊन बसणं, हाक मारली तर ओ न देणं. आणि गेल्या मंगळवारी एका पेशंटचा पोटॅशियमचा रिपोर्ट दुसऱ्याच्या केसपेपरवर चढवला. सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून. नाहीतर चुकीचं औषध जाऊन माणूस जीवानिशी गेला असता, सर."

शेंग फोडणारा हात थांबला.

"हे वाईट झालं," सर म्हणाले. "तो पेशंट कसा आहे?"

"बरा आहे. काल घरी सोडला."

"बरं. हिच्या तक्रारी किती दिवसांपासून?"

"दोन-अडीच महिने."

"त्याआधी?"

"त्याआधी चांगली होती. खोटं कशाला बोलू... पहिल्या महिन्यात मीच म्हणालो होतो, ही पोरगी नाव काढेल."

"मग अडीच महिन्यांपूर्वी काय झालं? घरी कोण कोण असतं तिच्या? जेवते कुठे? झोपते किती? शेवटची सुट्टी कधी घेतली?"

वाकोडेंनी फाइल उघडली. तिच्यात तो एकच कागद होता. त्यांनी ती परत मिटली.

"मी तिला मेमो दिले, सर. तीन."

"ती ट्रीटमेंट झाली. मी हिस्टरी विचारतोय."

"तिन्ही वेळा तिने सही करून घेतले. एक शब्द बोलली नाही."

"मेमोला काय बोलणार? पी हळद आणि हो गोरी, असं होतं का कधी?"

वाकोडेंचा चेहरा तांबूस झाला. इतक्या वर्षांत त्यांच्याशी असं कोणी बोललेलं नव्हतं. युनिटमध्ये तर त्यांच्यापुढे चहासुद्धा दबक्या पावलांनी येतो.

"सर, चौदा निवासी डॉक्टर आहेत माझ्याकडे. वॉर्डात खाटा कमी, जमिनीवर गाद्या जास्त. कोणाकोणाच्या उशाशी बसू? आणि आमच्या वेळी कोणी विचारलं होतं? छत्तीस-छत्तीस तास पाय दुमडला नाही. मला कोणी हात धरून चालवलं? ज्याच्यात दम असतो तो टिकतो. मी टिकलो."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"टिकलास खरा," ते म्हणाले.

मग गुडघ्यावर हात टेकून उठले. आत गेले. येताना स्टीलचा डबा घेऊन आले. त्यात शेंगदाण्याचे लाडू होते, गुळातले. एक वाकोडेंच्या हातावर ठेवला. एक स्वतः घेतला आणि निम्मा एका घासात संपवला.

वाकोडेंचा हात तसाच राहिला.

"सर, तुम्हाला चालतो?"

"का?"

"शुगर आहे ना तुम्हाला. तेव्हासुद्धा होती. तुमच्या टेबलाच्या खणात असाच डबा असायचा. पेशंट आणून देतात, मला चालत नाहीत, तू संपव, असं म्हणायचात."

"असं म्हणायचो का मी?"

उरलेला लाडूही गेला. मिशीत गुळाचा कण राहिला.

वाकोडे त्या कणाकडे बघत बसले.

तो डबा आठवला, की त्यांना चार वाजताची नाडी आठवायची. ही गोष्ट त्यांनी आजवर किती निरोप-समारंभांत सांगितली असेल, त्याला गणती नाही. ते पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर होते तेव्हा सरांनी एक दिवस बोलावून घेतलं होतं. माझ्या नाडीचा मधूनच एक ठोका चुकतो, म्हणाले. रोज चार वाजता यायचं, समोर बसायचं, पूर्ण एक मिनिट मोजायचं आणि वहीत लिहायचं. मशीनवर माझा विश्वास नाही, तुझी बोटं चांगली आहेत.

तीन महिने हे चाललं. सगळ्या युनिटमध्ये सरांनी एकट्या माझ्या बोटांवर विश्वास ठेवला, हे वाक्य आलं की वाकोडे भाषणात थोडं थांबायचे. लोक टाळ्या वाजवायचे.

आता त्यांनी लाडू डब्यात परत ठेवला.

"हात द्या, सर."

सरांनी डावा हात पुढे केला. शेंगांच्या मातीने बोटं भरलेली. वाकोडेंनी मनगटावर तीन बोटं टेकली, घड्याळाकडे पाहिलं.

"बहात्तर," ते म्हणाले. "सगळे ठोके जागच्या जागी. म्हणजे तेही खोटं..."

"पंधरा सेकंदं मोजलीस."

"हो. चारने गुणलं."

"पूर्ण मोज."

वाकोडेंनी पुन्हा बोटं टेकली. बाहेर कोणीतरी सायकल ढकलत गेलं.

दहा सेकंदं. वीस. तीस.

चाळिसाव्या सेकंदाला बोटाखाली काहीच आलं नाही. जागा रिकामी गेली. मग एक जोराचा ठोका आला आणि नाडी पुन्हा वाटेला लागली.

"सर... एक चुकला."

"हो. आता चुकतो. चार वर्षं झाली. औषध चालू आहे, काळजीचं नाही." सर हसले. "तेव्हा नव्हता चुकत."

मिनिट संपलं. वाकोडेंनी हात सोडला नाही.

"मग तीन महिने मी काय मोजत होतो?"

"ठोके."

"आणि तुम्ही?"

"तुझी बोटं बघत होतो. पहिल्या आठवड्यात थरथरायची. कॉलर मळलेली असायची, बटणं वरखाली लागलेली. दुसऱ्या आठवड्यात लाडू घ्यायला लागलास. तिसऱ्या आठवड्यात मोजता मोजता आपणहून म्हणालास, वडिलांना पक्षाघात झालाय... आणि मग आकडाच विसरलास."

वाकोडेंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. मनगट हातात होतं, त्यांना ते सोडवत नव्हतं.

"एका गुरुवारी मी ट्रंक भरली होती, सर. हे मी कोणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. सगळं सोडून जाणार होतो. चार चाळीसची एसटी होती. म्हटलं, जाण्याआधी सरांची नाडी तेवढी मोजून जाऊ. ती चुकायला नको."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"ट्रंक माझ्याच दाराबाहेर ठेवली होतीस, वेड्या. आणि त्या दिवशी तू नाडी सहा वेळा मोजलीस. पाच वाजले तरी माझा हात सोडला नाहीस."

"तेव्हाच का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

वाकोडेंनी विचार केला. पहिल्या वर्षाचा तो वाळलेला मुलगा त्यांना दिसला. ताठ मानेचा.

"मला काय झालंय, म्हणालो असतो."

"मग झालं तर."

आता त्यांनी हात सोडला. फाइलमधून कागद काढला. सहीच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं.

"पण सर, पुन्हा चुकली तर? तो मंगळवारचा माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही."

"हलू देऊही नकोस. उद्यापासून तिचा एकही कागद दुसऱ्या सहीशिवाय पुढे जाता कामा नये. वॉर्डात एकटी नको, जोडीला दुसऱ्या वर्षाचा दे. ते पेशंटसाठी झालं." सरांनी सूप पुढ्यात ओढलं. "हिच्यासाठी काय लिहिणार?"

वाकोडे शिस्तीचा माणूस, सरकारी कागद फाडणं त्यांच्याच्यानं झालं नसतं. त्यांनी तो उलटा केला. पेन काढलं. कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'मुसळे. रोज चार वाजता.'

लिहून झालं आणि ते अडखळले. इतका मोठा डॉक्टर, पण पहिल्या वर्षाच्या मुलासारखा सरांकडे बघायला लागला.

"पण मी तिला सांगू काय? माझी नाडी तर उत्तम आहे, सर."

सरांनी लाडवांच्या डब्याला झाकण लावलं आणि डबा त्यांच्या हातात दिला.

"आधी तिला पूर्ण मिनिट मोजू दे," ते म्हणाले. "मग सांग, उत्तम आहे का."