एकाच कांडीचा बोरू

एका जुन्या तळ्यात एक पाणकोंबडी राहत असे. मोठी फटकळ बाई. काठच्या बोरूत तिचं घरटं असे. मुलांनो, बोरू म्हणजे पाण्यात वाढणारं उंच गवत. बी पडून आपोआप उगवलेलं, म्हणून एक ताट उंच तर दुसरं बुटकं, एक लवकर वाळणारं तर दुसरं चिखलातही तग धरणारं. पाणकोंबडी घरट्यासाठी अशी निरनिराळी ताटं वाकवून एकत्र विणी. एक मोडलं तरी बाकीची घरटं सावरून धरत.

तळ्याचा कारभार एका बगळ्याकडे होता. त्याला टापटिपीचं भारी वेड. त्याने कुठून तरी लांबून परक्या बोरूची एक कांडी आणली. ती फोफावली. मग तिच्याच कांड्या मोडून त्याने तळंभर लावल्या आणि जुना बोरू उपटायला लावला. पाणकोंबडी भडकली. "अहो, ही पुष्कळ ताटं दिसतात, पण रोप एकच आहे. एकाला जे बाधेल, ते सगळ्यांना बाधेल." बगळा म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं? बघ, कसं एकसारखं दिसतंय." बाकीचे पक्षी नेहमीप्रमाणे होला हो करत राहिले. खडकाआडचा जुन्या बोरूचा एक कोपरा तेवढा बगळ्याच्या नजरेतून सुटला, पण तिथे एका बदकाने आधीच घरटं केलं होतं. अंडी घालायची वेळ आली, तेव्हा पाणकोंबडीने नाइलाजाने नव्या बोरूतच घरटं विणलं.

पुढे खोडकिडा आला. एक ताट त्याने पोखरलं, त्याला ते मानवलं, आणि सगळीच ताटं तशी होती. बघता बघता सगळं रान आडवं झालं. घरटं उलटलं, अंडी चिखलात गेली. खडकाआड मात्र काही ताटं पडली आणि बरीचशी उभी राहिली.

दुसऱ्याच दिवशी बगळा तिथे हजर. "झालं ते झालं," तो म्हणाला, "यातलं सगळ्यात उंच ताट मी निवडलंय. आता याच्याच कांड्या लावू."

पाणकोंबडीच्या अंगाची लाही लाही झाली. तिने त्याच्या चोचीतली कांडी हिसकावून घेतली. "माझी पिल्लं जन्मायच्या आधीच गेली, आणि तुम्ही पुन्हा एकच निवडताय? बुटक्याचं, वाकड्याचं, पिवळ्याचं, सगळ्यांचं बी न्या. नाहीतर चालते व्हा इथून."

बगळा खाली मान घालून बियांचे तुरे गोळा करू लागला. बोरू पुन्हा वाढला. ती अंडी मात्र परत आली नाहीत.

तात्पर्य : जो दिसायला बरं म्हणून सगळं एकसारखं करतो, तो सगळं एकदम जाण्याची सोय करून ठेवतो, आणि भोगावं लागतं ते दुसऱ्यालाच.