शेट्यांचा बिडाचा तवा

"बरं, मग काय काय सोडलंस?"

अच्युतबुवा मठाच्या पडवीत नारळ खवत बसले होते. विचारताना त्यांनी मान वर केली नाही.

"सगळंच, महाराज," विश्राम शेट्ये म्हणाला. खाडीकाठचा चढ चढून त्याला धाप लागली होती, पण सोडलेल्या गोष्टी सांगताना ती लगेच थांबली. "घर सोडलं. दुकान धाकट्या भावाच्या हवाली केलं. चहा सोडला. गादी सोडली. बायको सोडली."

"ती काय म्हणाली?"

"ती... विहिरीवर गेली होती."

बुवा खवत राहिले.

"आणि पाठीला काय बांधलंयस?"

विश्रामने पंच्याची गाठ सोडली. आतून काळाभोर, जाडजूड, परातीएवढा तवा निघाला. त्याने तो देवाची मूर्ती ठेवावी तसा बुवांपुढे ठेवला.

"तवा आहे."

"ते दिसलं."

"बिडाचा आहे, महाराज. आमच्या पणजीचा. पणजीकडून आजीकडे आला, आजीकडून आईकडे. असे घावणे पंचक्रोशीत कुठल्या तव्यावर होत नाहीत. शेट्यांचा तवा म्हणून नाव आहे त्याचं!"

"म्हणजे तेवढा सुटला नाही."

"छे, छे! हा मोह नाही, महाराज. हा गुरुसेवेसाठी आणला. रोज सकाळी तुम्हाला घावणे घालीन. मोबदल्यात मला फक्त अनुग्रह द्या. उद्या गुरुवार आहे. उद्याच द्या."

विश्रामला अनुग्रहाची घाई होती, याला कारण होतं. आज ना उद्या आपण बुवांकडून अनुग्रह घेणार, हे तो गावभर सांगत सुटला होता. देवळात पोथी चालली की लोकांच्या चुका काढायचा आणि वर म्हणायचा, "तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही संसारी." आता रिकाम्या हाताने परत गेला असता तर त्याच देवळात त्याची चांगलीच फजिती झाली असती. शिवाय, खोटं कशाला बोला, त्याला अनुग्रह मनापासूनही हवा होता. आई गेल्यापासून त्याला घरात कुठेच बसवत नव्हतं.

बुवांनी खोबऱ्याची वाटी बाजूला ठेवली.

"पीठ आत डब्यात आहे. चूल पेटलेली आहे. घाल घावणे."

विश्राम हसतमुखाने आत गेला. जन्मभर त्याने घावणे खाल्ले होते. घालणाऱ्याकडे मात्र त्याची पाठ असायची, कारण तोंड ताटाकडे असायचं.

थोड्या वेळाने आतून करपल्याचा वास आला. मग खरवडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही...

शेवटी विश्राम ताटली घेऊन बाहेर आला. ताटलीत जे होतं ते चमच्याने खावं लागलं असतं.

बुवांनी ताटलीकडे पाहिलं आणि केळं सोललं.

"तवा मळलाय," विश्राम म्हणाला. "बायकोने वर्षानुवर्षं घासलेलाच नाही. केवढी पुटं चढलीत बघा त्याच्यावर! आळस, दुसरं काय?"

"असं?" बुवा म्हणाले.

तो अख्खा दिवस विश्रामने तवा घासला. खाडीची वाळू घेतली, काथ्या घेतला, चुलीतली राख घेतली. हाताला फोड आले. तोंडाने नामस्मरण चालूच होतं, बुवांच्या कानावर जाईल अशा बेताने. दिवस कलला तेव्हा पणजीच्या वेळेपासून तेल मुरून चढलेला काळा थर खाडीत वाहून गेला होता आणि तवा आतून राखाडी, कोरा करकरीत दिसत होता. विश्रामने तो पडवीच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि बुवा कधी बघतात याची वाट पाहिली.

बुवांनी पाहिलं. त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. मग ते दिवा लावायला आत गेले.

गुरुवारी सकाळी तव्यावर गंज चढला होता. विश्रामने तो पुसून घावणा घातला. कालचा निदान खरवडून तरी निघाला होता, आजचा तव्याला जो चिकटला तो हलेचना. उलथण्याचा दांडा वाकला. विश्राम चुलीपुढे उकिडवा बसून दोन्ही हातांनी जोर लावत होता, आणि नेमकी तेव्हा बाहेर चपलांची चाहूल लागली.

"बुवा, आहेत का हो आमचे इथे?"

आवाज बायकोचा, मंदाकिनीचा होता. आता ही रडणार, पाया पडणार, घरी चला म्हणून गळ घालणार. त्याने पाठ ताठ केली, चेहऱ्यावर वैराग्य आणलं आणि तो बाहेर आला.

"मंदा, मी परत येणार नाही. उगाच हट्ट करू नकोस."

"नका येऊ," मंदाकिनी म्हणाली. "तवा कुठाय?"

"म्हणजे तू मला न्यायला..."

"तवा गेला ते मला काल विहिरीवरून आल्या आल्या कळलं. तुम्ही गेलात ते जेवायच्या वेळी कळलं. तवा कुठाय?"

बुवांना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ टिकली.

विश्राम आत जाऊन तवा घेऊन आला. मंदाकिनीने हात पुढे केले होते. तवा पाहिला आणि ते हात तसेच राहिले.

ती ओरडेल असं विश्रामला वाटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली, तवा मांडीवर घेतला आणि त्याच्यावरून नुसती बोटं फिरवली. डोळे भरून आले ते तिने पदराने टिपले.

"कोणी घासला हा?"

विश्रामला गुरुचरित्र तोंडपाठ होतं, पण त्यातलं एक अक्षर आता कामाला येईना. घर सोडताना त्याला काही वाटलं नव्हतं. आता मात्र लाज वाटली, आणि चांगली कानशिलं तापेपर्यंत वाटली.

"मी," तो म्हणाला.

मंदाकिनी उठली. "बुवा, खोबरेल आहे? आणि एक कांदा?"

तिने चूल मंद केली. तवा तापवला, पुसला. कांदा अर्धा चिरून तेलात बुडवला आणि तव्यावर फिरवला. धूर निघाला, पुन्हा पुसला, पुन्हा फिरवला. विश्राम दारात उभा राहून बघत होता. एकदा तो म्हणाला, "मी फिरवू का?" तिने कांदा पलीकडच्या हातात घेतला. असं करता करता दुपार टळली आणि तव्याच्या मधोमध थोडा काळसर रंग धरला.

मग तिने पीठ घातलं.

पहिला घावणा फाटला. तिने तो बाजूला काढला. दुसरा कडेला धरला. तिसऱ्याला छान जाळी पडली, आणि तो उलथणं लागायच्या आत आपणच सुटला.

बुवा ताटली घेऊन चुलीपाशीच येऊन बसले. नारळाचा रस कालच काढून ठेवायला हवा होता, असं स्वतःशीच पुटपुटले आणि गुळाच्या खड्याबरोबर घावणा खाऊ लागले.

"कोणी शिकवलं, बाय?"

"सासूबाईंनी."

"काय सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं काहीच नाही. त्या घालायच्या, मी शेजारी बसायची. तव्याला हात लावायचा नाही. कांदा फिरवायला दिला तोसुद्धा माझी पोरं शाळेत जायला लागल्यावर."

"मग तवा तुझ्याकडे आला कसा?"

मंदाकिनीने पुढचा घावणा घातला, झाकण ठेवलं.

"एकदा अशाच घावणे घालत होत्या. मधेच चुलीपुढच्या पाटावरून उठल्या. बोलल्या काही नाहीत. बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. तवा तापलेला होता... मी पाटावर बसले."

"परत आल्या?"

"जेवायला आल्या. पाटावर काही परत बसल्या नाहीत."

बुवांचा घास हातातच राहिला.

"आणि हा कुठे होता तेव्हा?" त्यांनी विश्रामकडे बोट दाखवलं.

"तिथेच जेवत होते. म्हणाले, आज घावणे जाड झालेत."

विश्रामला तो दिवस आठवला. घावणे खरंच जाड झाले होते. पायरीवर बसलेली आईही आठवली. उन्हात काय बसलीस, असं तो तिला म्हणाला होता, आणि ती नुसती हसली होती. का हसली, ते त्याने विचारलं नव्हतं.

पीठ संपलं. मंदाकिनीने तवा निवू दिला, तेलाचा हात फिरवला आणि पंच्यात बांधून घेतला.

"येते, बुवा. एसटी चुकेल." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही राहा हो सुखाने. धोतरं पाठवून देते."

ती उतार उतरू लागली. पाठीवरच्या ओझ्याने थोडी वाकली होती, पण पाऊल झपाझप पडत होतं.

विश्राम बुवांपुढे बसला. फोड आलेले हात त्याने जोडले.

"महाराज, तवाही गेला. आता खरोखरच माझ्याकडे काही उरलं नाही. आज गुरुवार आहे. अनुग्रह द्या."

बुवांनी बाजूला काढलेला फाटका घावणा उचलून त्याच्या हातावर ठेवला.

"खा."

विश्रामने खाल्ला. तो गार झाला होता, तरी चांगला लागला.

"देईन हो अनुग्रह," बुवा म्हणाले. "नाही कोण म्हणतंय?"

"कधी, महाराज?"

बुवांनी उताराकडे पाहिलं. पंच्यातला तवा वळणापर्यंत पोचला होता.

"जा, तिच्या शेजारी बस. ती पाटावरून उठेल, त्या दिवशी ये."