दारातले टाके

हिवरपेठच्या नगर वाचनालयात शिरताना आधी दारातल्या दगडी टाक्यावर हात धुवावे लागतात. मग ग्रंथपालांना दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवायचे, तेव्हा कुठे पुस्तक हाती पडते. पाहुण्यांना याचे हसू येते. मग येथले जुने सभासद नरहरपंत गोसावी त्यांना बाकावर बसवून कारण सांगतात, आणि ते ऐकल्यावर सहसा कोणी हसत नाही.

पूर्वी हे वाचनालय म्हणजे भाजीबाजारामागच्या दोन खोल्या आणि जेमतेम तीनशे पुस्तके. अनसूयाबाई देवळे ग्रंथपाल झाल्या आणि त्यांनी घरोघर फिरून सभासद जमवले. वाचणारे वाढले, तशी पुस्तकांची पार दशा झाली. बाईंना किळस इतकी, की त्या सख्ख्या बहिणीच्या उष्ट्या पेल्यालाही हात लावत नसत, असे सांगतात. आणि त्यांच्या नशिबी काय आले? परत आलेल्या पुस्तकात कुठे चुन्याचे बोट, कुठे तपकिरीने माखलेला शेंबूड. एकाने तर खूण म्हणून सुक्या बोंबलाचा काटा घातलेला. पण सगळ्यांत घाण सवय थुंकी लावून पान उलटण्याची. प्रत्येक पानाचा कोपरा काळा, चिकट, आंबूस. बाई चिमट्याने पुस्तके उचलत आणि मनातल्या मनात अख्ख्या गावाला शिव्या घालत.

गावात त्र्यंबकराव कारखानीस नावाचे निवृत्त वकील होते. चार हजार पुस्तके, एकूण एक पुस्तकाला खाकी कव्हर, आणि मागे मूलबाळ नाही. ती सगळी वाचनालयाला द्यावीत असे त्यांच्या मनात आले, म्हणून एका बाजाराच्या दिवशी ते पाहणी करायला आले. वाचनालयाचे अध्यक्ष मळूशेट आडते यांनी मोठ्या कौतुकाने एक पुस्तक उघडले, आणि पान उलटायला सवयीने अंगठा जिभेला लावला.

वकील ताडकन उठले. "शी! तुम्हाला देण्यापेक्षा चुलीत घालीन मी माझी पुस्तकं."

"अहो साहेब, एवढ्यानं काय होतंय?" मळूशेट म्हणाले. "सगळं गाव असंच वाचतंय की."

बाईंनी ते पुस्तक त्यांच्या हातातून घेतले. दाराबाहेर गुरांना पाणी पाजायचे टाके होते. त्याच्या काठावर, भर बाजारात, त्या जाऊन बसल्या.

"काही होत नाही ना, मळूशेट? मग बघा."

त्यांनी बोट जिभेला लावले आणि पान उलटले. तेच बोट पुन्हा जिभेला, पुन्हा पुढचे पान. ओकारी घशाशी येई, डोळ्यांतून पाणी वाही. बाई गिळत आणि पान उलटत. भोवती माणसे जमली.

"ही तुमची थुंकी," मध्येच थांबून त्या म्हणाल्या. "त्याखाली तुमच्या व्याह्यांची. त्याखाली कुणाची, देव जाणे. सहा वर्षं तुम्ही एकमेकांचं हेच चाटताय."

चाळिसाव्या पानाला मळूशेट टाक्यावर ओणवे झाले आणि सकाळची भाकरी बाहेर आली. त्यांच्यामागून निम्मा बाजार. त्या दिवशी गुरांनीसुद्धा तिथल्या पाण्याला तोंड लावले नाही म्हणे. बाईंनी मात्र दोनशे बारा पाने पुरी केली आणि मगच चूळ भरली.

वकील शेवटपर्यंत उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांची पुस्तके गाड्या भरून आली. टाके घासून काढले, त्याला नळ बसला, आणि तळवे दाखवण्याची रीत पहिल्यांदा मळूशेटनीच पाळली.

आता त्याच जागी वाचनालय तीन मजली आहे. पुस्तके साठ हजारांवर गेली, अभ्यासिकेत जागा मिळावी म्हणून सकाळपासून रांग लागते. ते जुने पुस्तक दाराशी काचेच्या पेटीत ठेवले आहे. आजही कोणाचे बोट चुकून तोंडाकडे गेले, तर ग्रंथपाल नुसते त्या पेटीकडे बघतात. आणि अनसूयाबाई? त्या पुढे जन्मभर चमच्याने जेवल्या. ते बोट त्यांनी पुन्हा कधी आपल्या ओठांना लागू दिले नाही, असे सांगतात.