काळकाईच्या डोहावर श्वास का रोखतात

हा समोर दिसतो तो काळकाईचा डोह. वरच्या अंगाला देवीचं देऊळ, खाली नदीचा उतार, आणि मधे हे काळंशार पाणी. यात खडस मासे आहेत, हाताएवढे, काही मांडीएवढेसुद्धा. इथे गळ टाकायला मनाई नाही, पण धरलेला मासा सोडावा लागतो, आणि मासा जितका वेळ पाण्याबाहेर असेल तितका वेळ धरणाऱ्याने आपला श्वास रोखायचा. तुमचा श्वास सुटला की मासाही सुटला पाहिजे. हो, फोटोसुद्धा तेवढ्यातच. गेल्या वर्षी एका पाहुण्याने फोटोसाठी केस विंचरायला घेतले. मासा आम्ही सोडला, पाहुण्यांना नंतर काठावर निजवून वारा घालावा लागला.

ही रीत कशी पडली, ते ऐकल्याशिवाय मी कुणाला गळ टाकू देत नाही. बसा तिथे दगडावर.

फार पूर्वी या गावात जिवाजीराव नावाचे खोत होते, असे सांगतात. माणूस मनाने वाईट नव्हता, पण कुठलीही गोष्ट वाजतगाजत केल्याशिवाय आपण ती केली असं त्यांना वाटतच नसे. दुसरी त्यांची आवड म्हणजे गळ. दिवस दिवस डोहावर बसत. मग एका साली त्यांच्या बायकोला, आवडाबाईंना, ताप धरला. काढे झाले, लेप झाले, ताप उतरेना. बाई पार काडी झाली. खोतांचा तिच्यावर फार जीव होता. ते घाबरले आणि देवीला नवस बोलले, की आई, हिला बरी कर, मी तुझ्या डोहातल्या एकवीस खडसांना जीवदान देईन.

आता जीवदान द्यायचं तर आधी मासा धरायला हवा. तेव्हा खोत रोज सकाळी गळ घेऊन डोहावर.

मासा लागला की ढोल वाजायचा. मग खोत त्याला कोरड्या रेशमी सोवळ्याने पुसून काढायचे, कारण ओल्या बुळबुळीत अंगाने देवीसमोर कसं न्यायचं? उन्हात तापलेल्या पितळी परातीत त्याला ठेवायचे. हळद लावायचे, कुंकू लावायचे, तोंडात साखर घालायचे. सगळा गाव रांगेने येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. मग भिवा गुरव आरती म्हणायचा. ही आरती त्याने स्वतः रचली होती आणि तिला नऊ कडवी होती. दहावं सुचतंय म्हणायचा. एवढं सगळं झालं की खोत परात डोहात उपडी करायचे आणि म्हणायचे, "जा बाबा, सुखी राहा!"

मासा जायचा, पण पोट वर करून जायचा. पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं तेव्हा भिवा म्हणाला, म्हणे, "देवीला पाठ कशी दाखवील? तोंड तिच्याकडं करून जातोय." लोकांनी हात जोडले. असे सात दिवसांत सात मासे सुटले.

खाली उतारावर ठकी भोईण राहायची. ती माझ्या पणजीची पणजी, म्हणून मी तिच्याबद्दल जरा फुगवून सांगेन, ते तुम्ही समजून घ्या. एकटी बाई, गावात फारसं येणंजाणं नाही, पाण्यात उभी राहून टोपलीने मासे धरायची. तिच्याकडे सात दिवस रोज एक भलामोठा खडस आपणहून वाहत आला, तोही कुंकू लावून. ठकीला वाटलं, देवी प्रसन्न झाली. सातव्या दिवशी तिच्या मनात आलं, एवढा प्रसाद एकटीने खाणं बरं नव्हे, आजारी खोतीणबाईंना द्यावा. तिने कालवण केलं आणि वाडगा घेऊन गेली.

आवडाबाईंच्या तोंडाला किती दिवसांनी चव आली. त्यांनी विचारलं, "ठके, काय घातलंस गं यात?"

"काय नाय बाय, चिच नि मिरची. हळद तर देवीच लावून धाडते, नि वर कुंकूबी."

आवडाबाईंचा हात थांबला. तोवर त्यांनी दोन घास खाल्ले होते असे सांगतात. काही जण चार म्हणतात. त्यांनी ठकीला नवसाची सगळी हकिकत सांगितली. ठकीने वाडगा त्यांच्यापुढून ओढून घेतला.

"अगो बाय माझे! म्हंजी मी आठवडाभर तुमचं आयुक्ष खाल्लं?"

"तू कशाला, आम्हीच मारले ते," आवडाबाई म्हणाल्या. त्यांना बोलतानाही धाप लागत होती. "त्यांना जाऊन सांग. माझ्या नावाने आणखी मासे मरायला नकोत."

सांगणं सोपं होतं, पण खोताला जाऊन तुझा नवस फुकट गेला म्हणायचं म्हणजे गावातून उठण्याची तयारी ठेवायची. तरी ठकी आठव्या दिवशी डोहावर गेली. आठवा खडस परातीत होता, भिवाने नुकतं तोंड उघडलं होतं.

ठकीने भरल्या गर्दीत सांगून टाकलं. खोत लालबुंद झाले. "मी स्वतः सोडलेत. डोळ्यांनी पाहिलंय पोहताना. आणि एका आरतीने काय मरतंय?"

ठकी म्हणाली, "तर मंग मालक, आरती हुईस्तोवर तुमी पान्यात त्वांड घालून ऱ्हावा. त्यो भायेर, तुमी आत. फिटंफाट."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. खोत पट्टीचे पोहणारे. त्यांनी पागोटं उतरवलं, काठावर पालथे झाले आणि तोंड पाण्यात घातलं. भिवाने आरती सुरू केली. आता माणूस गुदमरतोय म्हणून त्याने घाई करावी की नाही? पण एवढे श्रोते पुन्हा मिळणार नव्हते. प्रत्येक ओळ त्याने दोनदा म्हटली. दुसऱ्या कडव्याला खोतांचे पाय झाडू लागले. तिसऱ्याला ते ठसकत, नाकातोंडातून पाणी काढत वर आले आणि धपकन परातीशेजारी पडले.

तिथे त्यांच्या तोंडासमोर माशाचं तोंड होतं. दोघांचीही तोंडं एकसारखी उघडत मिटत होती. खोत त्याच्याकडे बघत राहिले. बायको घरी अशीच श्वास घेते, हे त्यांना दिसलं, आणि ते सगळ्यांदेखत रडले.

मग त्यांनी हात ओले केले, परात तशीच पाण्यात उतरवली आणि स्वतः अंगरख्यासकट कमरेएवढ्या पाण्यात गेले. प्रवाहाकडे तोंड करून माशाला दोन्ही हातांवर अलगद धरून उभे राहिले. ढोल नाही, आरती नाही. भिवाने एकदा घसा खाकरला, तर ठकीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो देवळामागे जाऊन बसला. बऱ्याच वेळाने खडसाने कल्ले हलवले, शेपटी मारली आणि पोट खाली ठेवून निघून गेला.

खोतांनी आधीचे सात मोजलेच नाहीत. मोजणी पुन्हा एकपासून धरली. गळाचा उलटा काटा घासून टाकला, म्हणजे गळ ओढताना जबडा फाटू नये. मासा बाहेर असेतो श्वास रोखायचा नेम केला. भिवाची आरती एका श्वासात बसेल इतकी झाली, ती म्हणजे "जय आई". आजही एवढीच आहे. भिवाने म्हणे शेवटपर्यंत खोतांना माफ केलं नाही.

आवडाबाई बऱ्या झाल्या. देवीने केल्या, की ठकीच्या कालवणाने अंगात ताकद आली, यावर गावात अजून भांडणं होतात. आमच्या घराचं मत तुम्हाला ठाऊकच आहे. एकविसाव्या माशाला त्या स्वतः काठी टेकत डोहावर आल्या. मासा नीट गेला. खोत कौतुकाच्या अपेक्षेने बायकोकडे वळले आणि म्हणाले, "एकवीस जीवदानं झाली."

आवडाबाई म्हणाल्या, "अहो, त्याचा जीव त्याच्यापाशीच होता. गळ टाकून तुम्हीच काढून घेतलात, आणि त्याचाच त्याला परत दिलात. यात दान कसलं?"

खोत खाली मान घालून म्हणाले, "मला गळ टाकायला आवडतं गं."

"मग तसं सांगा की. देवीला सांगा, त्या माशालाही सांगा. माझ्या आजाराच्या आड कशाला लपता?"

खोतांनी त्याच जागी उभं राहून सांगितलं. पुढे ते गळ टाकायला आले ते कमीच. हे बोलून मग गळ टाकणं वाटतं तितकं सोपं नाही.

म्हणून आजही इथे गळ टाकण्याआधी प्रत्येकाने देवळाकडे तोंड करून बोलायचं असतं. मनातल्या मनात चालत नाही. फार काही नाही, एवढंच: "आई, या माशाने माझं काही बिघडवलेलं नाही. मी त्याला माझ्या हौसेसाठी त्रास देतोय."

चला, तुमच्यात पहिला गळ कोण टाकणार? उभे राहा आणि मोठ्याने बोला.

काय झालं? बसलात का परत?