मुंगी गेली बोलावणं करायला

एक होती मुंगी. एवढीश्शी.
तिला सापडला भाताचा दाणा. सोनेरी, टपोरा.
दाणा तिने बांधावर ठेवला. जरा दम खाल्ला.
तेवढ्यात वरून आला कापलेल्या भाताचा भारा. धप्प!
दाणा गेला खाली.

आभाळ झालं काळं. गुडगुड गुडगुड.
पाऊस आला तर दाणा कुजणार. बिळात पिल्लं उपाशी!

मुंगी म्हणाली, "भाऱ्या भाऱ्या, बाजूला हो."
भारा म्हणाला, "मला काय पाय आहेत? सोनक्का उचलेल, तेव्हा हलेन."

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
सोनक्का शेतात एकटी. घामाघूम. विळा सपासप.
"सोनक्का सोनक्का, भारा उचल!
भारा हलेना,
दाणा मिळेना,
आभाळ काही थांबेना!"
सोनक्का म्हणाली, "अगं बाई, अर्धं शेत उभं आहे अजून. ह्यांचा पाय मोडलाय. हात दोनच माझे. वाडी मदतीला येईल, तेव्हा उचलेन."
"मग बोलाव की वाडीला!"
"लाज वाटते गं."
"लाज? भात भिजेल, मग लाज शिजवून खाशील?"
गुडगुड गुडूम!

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
अख्खी वाडी पारावर बसलेली. विळे हातात. नजर आभाळाकडे.
"वाडी वाडी, शेतात चला!
सोनक्का उचलेना,
भारा हलेना,
दाणा मिळेना,
आभाळ काही थांबेना!"
वाडी म्हणाली, "आम्ही कधीचे तयार. पण न बोलावता कसं जायचं? ढोल वाजेल, तेव्हा येऊ."
गुडगुड गुडूम!

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
ढोल खुंटीवर लटकलेला.
"ढोला ढोला, वाज ना!
वाडी येईना,
सोनक्का उचलेना,
भारा हलेना,
दाणा मिळेना,
आभाळ काही थांबेना!"
ढोल म्हणाला, "मी काय आपला आपण वाजतो? धोंडूतात्या बडवतील, तेव्हा वाजेन."
गुडगुड गुडूम! कडाड्!

मुंगी पळाली. तुरुतुरुतुरुतुरु!
धोंडूतात्या ओट्यावर सुपारी कातरत होते. कट कट.
"तात्या तात्या, ढोल बडवा!
ढोल वाजेना,
वाडी येईना,
सोनक्का उचलेना,
भारा हलेना,
दाणा मिळेना,
आभाळ काही थांबेना!"
तात्या म्हणाले, "घरचं माणूस सांगायला येईल, तेव्हा बडवेन. रीत आहे वाडीची. सोनक्काच्या घरचं कोण आलंय?"
"मी आलेय!"
"तू? हॅ हॅ! तू तर मुंगी."
"सोनक्काच्या बांधावर माझं बीळ. सोनक्काच्या शेतात मी जेवते. मी तिच्या घरची नाही, तर काय तुमच्या घरची?"
तात्यांनी पुन्हा सुपारी कातरली. कट कट.
टप्प! नाकावर पडला थेंब.
तरी तात्या बसलेलेच!
मुंगी चढली अंगठ्यावर. चावली कडकन!
"उठा म्हणते ना!"

तात्या उठले टुणकन!
तात्यांनी ढोल बडवला. ढमाढम ढमाढम!
ढोल वाजला, वाडी आली.
वीस विळे. सपासप सपासप!
वाडी आली, सोनक्काला जोर आला.
सोनक्काने उचलला, भारा हलला.
भारा हलला, दाणा मिळाला!
भारे चालले पडवीत. पळा, पळा, पळा!
शेवटचा भारा आत...
आणि धो धो पाऊस!
पण भात कोरडा. दाणा कोरडा.

जो राबायला आला, तो जेवून जाणार.
सोनक्काने पानं मांडली. मोठ्ठी मोठ्ठी, वाडीला.
शेवटी मांडलं एक इवलंसं पान.
तात्या म्हणाले, "हे गं कुणाचं?"
सोनक्का म्हणाली, "बोलावणं करायला गेली, तिचं. माझ्या घरची आहे ती."
पानावर एक शीत. गरम गरम.
मुंगी जेवली पोटभर.
आणि दाणा?
दाणा घेतला डोक्यावर, निघाली पिल्लांकडे.
तुरुतुरु तुरुतुरु.